गाडीला वाटतं, ती वळतेय

"सर, तुमची गाडी सरळच जातेय. पण गाडीला वाटतं, ती वळतेय."

हे वाक्य मला चंद्रपूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये अश्विन नावाच्या टाय घातलेल्या तरुणाने ऐकवलं. माझी सगळी नोकरी सिंदेवाहीच्या सरकारी कचेरीत गेली. सरळ जाताना आपण वळतोय असं वाटणारे आणि चक्क वळताना सरळ जातोय असं सांगणारे, दोन्ही प्रकारचे साहेब मी पाहिले आहेत. त्यांच्या फायली मी सांभाळल्या आहेत. पण गाडीने असं करावं, याची माझ्या मनाची तयारी नव्हती. गाडी नवी होती.

अर्थात अश्विनपर्यंत पोचायच्या आधी बरंच काही होऊन गेलं होतं, ते क्रमाने सांगतो. मी हेडक्लार्क आहे, क्रम सोडला की मला अस्वस्थ वाटतं.

कचेरीत मी एल. डी. खोब्रागडे. एल म्हणजे लहानू, हे फक्त घरी आणि सर्व्हिस बुकात. त्या सकाळी मी कचेरीकडे निघालो होतो. बाजार चौकात स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं आणि ते अर्ध्यात अडलं. डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागला. स्टेअरिंगचं छोटं चित्र आणि शेजारी उद्गारवाचक चिन्ह. इतक्या वर्षांत मी एकाही सरकारी पत्रात उद्गारवाचक चिन्ह वापरलेलं नाही. ते कंपनीने माझ्याच गाडीत मला दाखवावं याचा मला राग आला. पण रागाने स्टेअरिंग फिरत नाही. गाडी अर्धी वळून तर्री-पोह्याच्या ठेल्यासमोर जाऊन थांबली.

ठेलेवाल्याने झारा हातात घेऊन काचेत डोकावलं. "साहेब, पोहे गाडीतच देऊ का?"

मागे ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. मी पोहे घेतले. त्यामुळे निदान मी तिथे मुद्दाम थांबलो आहे असं चौकाला वाटलं असावं.

एरवी एक दिवा लागला म्हणून मी एवढा हबकलो नसतो. पण सोळा ऑक्टोबर जवळ आला होता, आणि सोळा ऑक्टोबर आमच्या घरात माझ्या मालकीचा नाही. तो आईचा. छप्पन साली बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली तेव्हा ती आपल्या बापाच्या खांद्यावर बसून गेली होती. तेव्हापासून तिने चंद्रपूर चुकवलं नाही. पायी गेली, बैलगाडीने गेली, लाकडाच्या ट्रकमध्ये उभी राहून गेली, एस.टी.ने गेली, पॅसेंजरने गेली. आता गुडघे गेले. एस.टी.ची पायरी तिला चढवत नाही आणि त्या दिवशीच्या रेल्वेच्या डब्यात तर माझ्यासारख्यालाही पाय ठेवता येत नाही.

दरवर्षी आमच्या वॉर्डातल्या बायका मिळून टेम्पो करतात. त्यात ड्रायव्हरशेजारची जागा वयाच्या मानाने आईची असायची. यंदा तिने ती जागा वॉर्डातल्याच रोशनीच्या सासूला देऊन टाकली. गुपचूप नाही, विहारात सगळ्यांसमोर.

"माही जागा तू घे वो बाई. मी यंदा माह्या लहानूच्या गाडीनं येतो."

रोशनीची सासू ती जागा आता मेली तरी सोडणार नव्हती. म्हणजे गाडी निघाली नाही तर आईचं चंद्रपूर चुकणार, जन्मात पहिल्यांदा, आणि तेही माझ्यामुळे. हे मला पोहे खाताना समजलं, आणि तर्री तिखट होती म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं मी ठेलेवाल्याला सांगितलं.

संध्याकाळी गाडी कशीबशी घरी आणली तर शेजारचे श्रावणभाऊ फाटकातच उभे. श्रावणभाऊ एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आमची भिंत एक. तिच्यावर हात टेकून ते आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टींवर लक्ष ठेवतात आणि मत देतात. खांद्यावरचा टॉवेल सावरत ते आत बसले. दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढून पाहिलं. तोंडावर समाधान पसरलं.

"भाऊ, याले म्हणते स्टेरिंग! आतापर्यंत तुमी जे फिरवून राह्यले होते, थे रेडिओचं बटन होतं."

"पण हा दिवा?"

"दिव्यावर कागद चिपकवा. आमच्या गाडीत दिवेच नव्हते. मी भामरागडपासून यष्टी आणली भर पावसात, नाल्यातून. कोणता दिवा लागला? एकबी नाई."

माझी बायको नंदिनी शिक्षिका आहे. तिने गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. पुस्तक जाड होतं. त्यात प्रत्येक दिव्याचं चित्र होतं आणि प्रत्येक चित्राखाली एकच सल्ला होता, की जवळच्या अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा. शेवटी तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली की हे पुस्तक माझ्या एखाद्या चौथीच्या पोराने लिहिलं असतं तर मी त्याला नापास केलं असतं.

श्रावणभाऊंचा दुसरा सल्ला बॅटरीचा होता. बॅटरीचं एक टोक काढून ठेवायचं, गाडीचं डोकं थंड होतं, मग लावायचं. मोबाईल बंद करून चालू करतो तसं. हे मला पटलं. पटायला नको होतं. टोक परत लावलं तेव्हा पिवळ्या दिव्याशेजारी आणखी एक दिवा लागला होता, घसरणाऱ्या गाडीचा, मागे नागमोडी रेषा असलेला. शिवाय घड्याळात बारा वाजले होते. श्रावणभाऊंनी नव्या दिव्याकडे नीट पाहिलं, "हा आपल्यानं नाई लागला," म्हणाले आणि जेवायला गेले.

मग मी कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकली. नंतर एक मुलगी आली. ती इतकं गोड हिंदी बोलत होती की तक्रार करायची मला लाज वाटली. तिने विचारलं, "सर, स्टीयरिंग पर आपने बाहर से कुछ लगवाया है क्या? कवर, नॉब, कोई एक्सेसरी?"

"मॅडम, मैं सरकारी आदमी हूँ," मी म्हणालो. "कंपनीने जो दिया वही है. बाहर का एक स्क्रू भी नहीं."

तिने मला तक्रार क्रमांक दिला आणि गाडी चंद्रपूरला आणायला सांगितली.

चंद्रपूरला जायचं म्हणजे मूलच्या अलीकडचं जंगल ओलांडायचं. त्या जड स्टेअरिंगने मी रजा टाकून निघालो. दंडात गोळे येत होते. शिवाय आता गाडीला नवं खूळ लागलं होतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर ती मधूनच बीप बीप करायची आणि कोणीतरी मागून धरल्यासारखी एका बाजूला खेचायची. जंगलात रस्ता बंद होता, कारण डांबरावर वाघ बसला होता. त्यात नवल काही नाही. आमच्याकडचे दुचाकीवाले गाड्या बंद करून, गमछे सोडून, तो कधी उठतो याची वाट पाहत गप्पा मारत होते. त्यांना ड्युटीवर जायचं होतं. समोरच्या सफारीच्या जिप्सीत मात्र वाघ बघायला लांबून आलेली मंडळी होती. त्यांना तो उठू नये असं वाटत होतं.

माझी गाडी रांगेत जाऊन लागली आणि बीप बीप करू लागली. वाघाने मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. मग उठला, आळस दिला आणि झुडपात गेला. दुचाकीवाल्यांनी मला हात करून आभार मानले. जिप्सीतल्या बाईंनी मला इंग्रजीत काहीतरी म्हटलं. ते मला समजलं, पण मी समजल्याचं दाखवलं नाही.

तर असा मी अश्विनसमोर पोचलो. त्याने गाडीला एक वायर जोडली, हातातली स्क्रीनची पाटी पाहिली आणि ते पहिलं वाक्य बोलला. मग समजावून सांगितलं. स्टेअरिंगच्या मागे एक सेन्सर असतो. चाक किती फिरलं, कुठल्या बाजूला फिरलं, हे तो गाडीला सांगतो. तो सेन्सर आता भलतंच सांगत होता. गाडी सरळ असली तरी तो म्हणायचा वळलीय, मग गाडी घाबरून ब्रेक धरायची.

"मग बदला सेन्सर."

"बदलतो सर. वारंटीत आहे. पण त्यासाठी अप्रूव्हल लागतं. टीम लीडर सरांचं."

"टीम लीडर कुठे आहेत?"

"सर रजेवर आहेत."

"त्यांचा चार्ज कोणाकडे?"

अश्विन हसला. ते हसू मी ओळखलं. खिडकीशी आलेल्या माणसाकडे बघून मी स्वतः तसा हसतो. पार्ट दिवाळीनंतर येणार होता. तोपर्यंत स्टेअरिंग कोणीही उघडायचं नाही, उघडलं तर वारंटी संपली. मी सोळा तारखेचं सांगितलं. त्याने मान हलवली, खरंच वाईट वाटल्यासारखी. मग विचारलं, "सर, स्टेअरिंगला बाहेरचं काही लावलेलं नव्हतं ना कधी?"

"नाही," मी म्हणालो. या वेळी जरा मोठ्याने.

घरी आलो तर आईने पांढरं पातळ धुऊन, हाताने घड्या दाबून, उशाखाली ठेवलं होतं. इस्त्रीवर तिचा विश्वास नाही. मी तिला एवढंच सांगितलं की गाडीला जरा अडचण आहे, पण काळजी नको, वारंटी आहे.

"वारंटी म्हणजे?"

"म्हणजे काही बिघडलं तर कंपनी बघते. पैसे न घेता. काही वर्षं."

"बिघडलं तर थे लोक पाहते?" आईने खात्री करून घेतली. मग जरा वेळ तिने माझ्याकडे पाहिलं, टकलावर, पोटावर. "बरं हाय बाप्पा गाडीचं."

त्या उशाखालच्या पातळाकडे पाहिलं आणि माझं ठरलं. वारंटी गेली तर जाऊ दे. दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोळाच्या आदल्या दिवशी सकाळी, मी गाडी विक्कीकडे नेली.

विक्कीचं गॅरेज नागभीड रोडला आहे. विक्की मोठा ऐटबाज माणूस. डोळ्यांवर गॉगल, हातात त्याचं स्वतःचं स्कॅनर, आणि कंपनीच्या लोकांबद्दल बोलताना तो "थे पोट्टे" असं म्हणतो. त्याने बॅटरी सोडली, थोडा वेळ थांबला, एअरबॅग उतरवली, स्टेअरिंगचं चाक काढलं. मी डोळे मिटून घेतले होते. वारंटी अशी समोर जाताना बघवत नाही.

"भाऊ," विक्की म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "हे काय हाय?"

स्टेअरिंगच्या दांड्याभोवती, जिथे बोट जात नाही अशा जागी, दोऱ्याचं एक वेटोळं बसलं होतं. पांढरा दोरा आणि त्यात पिळलेला लाल नाडा. त्याची सुटलेली सुतं आतल्या चकतीत शिरली होती. चकतीला बारीक बारीक खाचा असतात, विक्कीने दाखवलं. त्यातून उजेड जातो, आणि उजेड कितीदा आला-गेला त्यावर गाडी हिशेब करते. आता त्या खाचांत सूत भरलं होतं.

मला लगेच सगळं आठवलं. गाडी आली त्या आठवड्यात आम्ही घरी परित्राण पाठ ठेवला होता. पाठ चालू असताना पाण्याच्या कलशापासून निघून सगळ्यांच्या हातांतून फिरलेला पांढरा दोरा नंतर भन्तेजींनी आमच्या मनगटांवर बांधला. उरलेला दोरा आईने गाडीला बांधला. चाकावर नाही. "तिथी तुह्या हाताचा मळ लागन," म्हणून तिने तो चाकाच्या मागे, दांड्याला, चांगले वेढे देऊन बांधला. ते पाहून श्रावणभाऊंनीही घरात जाऊन मार्कंड्याच्या देवळातून आणलेला लाल नाडा आणला आणि त्यावरून आवळला. म्हणाले, आता गाडीले दोन्हीकडून बंदोबस्त झाला. पुढे काही दिवसांनी दोरा दिसेनासा झाला. मला वाटलं, झिजून पडला असेल. आई विचारेल म्हणून मी विषय काढला नाही. आणि हेल्पलाईनच्या मुलीने विचारलं, अश्विनने विचारलं, तेव्हा मी ठणकावून नाही म्हणालो, ते अगदी प्रामाणिकपणे. आईने बांधलेल्या दोऱ्याला एक्सेसरी म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं.

"काप की मग," मी विक्कीला म्हणालो.

विक्कीने गॉगल वर केला. "कोणाचा हाय दोरा?"

"आईचा. परित्राणाचा."

त्याने हातातली कात्री माझ्यासमोर ठेवली. "मी नाई कापत भाऊ. सेन्सर बदलून देतो, इंजिन उतरवून देतो. पण मायनं बांधलेला दोरा मी नाई कापत. उद्या तुमाले मूलच्या जंगलात काई झालं, तर लोक म्हणन, विक्कीनं दोरा कापला."

तोवर श्रावणभाऊ तिथे पोचले होते. ते कुठेही पोचतात. त्यांनी वाकून आत पाहिलं. "माहा नाडा ढिला हाय," ते म्हणाले. "त्यानं काई नाई केलं. जे केलं थे पांढऱ्यानं."

"मग तुमचा नाडा तरी कापा."

"मी कसा कापू? मार्कंड्याचा हाय."

चहा प्यायला आलेले दोघे ट्रकवाले थांबले. एक जण म्हणाला, दोरा न कापता उलगडावा. दुसरा म्हणाला, उलगडला तर आतमध्ये तुटेल आणि तो अपशकुन झाला. भन्तेजींना विचारावं असं ठरलं, पण ते आधीच चंद्रपूरला गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. शेवटी सगळे माझ्याकडे पाहू लागले.

दर चौदा एप्रिलला मी वैज्ञानिक दृष्टिकोन या विषयावर भाषण करतो. अंधश्रद्धेवर मी इतकं कडक बोलतो की मागच्या वर्षी सरपंचांनी बोटातली अंगठी खिशात टाकली होती. मी कात्री उचलली. दोऱ्यापर्यंत नेली. आणि हात पुढे जाईना. दोऱ्याला मी घाबरत नव्हतो. मला डोळ्यांसमोर आई दिसत होती, जमिनीवर बसता येत नाही म्हणून खुर्चीवर बसून त्या दोऱ्याचं टोक सगळा वेळ दोन बोटांत धरून बसलेली. तो कापला तर तिला सांगावं लागणार होतं की गाडी तिच्या दोऱ्याने बिघडली. हे मी तिला सांगू शकत नव्हतो. मी कात्री खाली ठेवली. मला स्वतःचा भयंकर राग आला.

"सेन्सरच खराब आहे असं सांगू," मी म्हणालो. "कंपनीच्या नावावर खपून जाईल."

"आता उशीर झाला," श्रावणभाऊ खाली बघत म्हणाले. "मी नंदिनीबाईले फोन केला होता. मले काय माहीत का असं ठरन."

तेवढ्यात नंदिनीची स्कूटी आली. मागे आई, काठी आडवी धरून.

आई उतरली. ट्रकवाले बाजूला झाले. तिने आत वाकून पाहिलं, बराच वेळ. विक्कीने गॉगल काढून खिशात ठेवला.

"याच्यानंच काय?"

"हो आई," मी म्हणालो.

"मंग कापत काऊन नाई?"

"तू बांधलेला..."

"मी बांधला, तू घरी यावं म्हणून. त्यानं तुले वळताच येत नसन तर तू घरी येशील कसा? भैताडासारखे उभे हायेत सारे." तिने कात्री घेतली. पहिल्याच फटक्यात दोरा तुटला. मग विचारल्याशिवाय तिने लाल नाडाही कापला आणि श्रावणभाऊंच्या हातावर ठेवला. श्रावणभाऊंनी तो कपाळाला लावला आणि घाईने खिशात घातला. पांढरा दोरा तिने पदराच्या टोकाला बांधला. पुढे घरी जाईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि हेच मला सहन होत नव्हतं.

विक्कीने चकती फुंकून, पुसून, सगळं परत बसवलं. दिवे मात्र जाईनात. स्कॅनर म्हणत होतं की आता गाडीला सरळ म्हणजे काय ते नव्याने शिकवावं लागेल. स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे, मग सपाट सरळ रस्त्यावर काही अंतर, स्टेअरिंग अजिबात न हलवता. वाक्य सोपं होतं. पण ऑक्टोबरात सिंदेवाहीच्या आसपास असा रस्ता मिळत नाही. हलकं, म्हणजे लवकर येणारं, धान निघालेलं असतं आणि ते डांबरावर वाळत असतं. अर्धा रस्ता धानाचा, कडेला दगडांची रांग, अर्धा रस्ता जगाचा. आणि धान कधी उजवीकडे असतं, कधी डावीकडे, ज्याच्या दारासमोर जसं पडेल तसं. त्यामुळे आमच्याकडे ऑक्टोबरात कोणीच सरळ जात नाही.

दुपारी जेवून विक्की, मी आणि आई निघालो. आईला मी येऊ नको म्हटलं होतं. ती आधीच पुढच्या सीटवर बसली होती. एक सरळ पट्टा सापडला, पण त्याच्या मधोमध धानाची एक मोठी पथारी होती, आणि शेजारी बुधरीबाई नावाची एक म्हातारी कोंबड्या हाकलायला काठी घेऊन बसली होती.

"बाई, एवढं धान जरा बाजूला करता येईल का?" मी विचारलं.

"बाजूनं ने की गाडी. जागा हाय."

"बाजूने नेली तर वळावं लागेल. वळायचं नाहीये."

"सारी दुनिया वळून जाते," बुधरीबाई म्हणाली. "तुलेच काय झालं?"

मी तिला सेन्सर समजावून सांगायला लागलो. अश्विनने मला सांगितलं होतं तसंच सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एका कोंबडीला हाकललं.

मग आई काठी टेकत उतरली. ती सेन्सरबद्दल काही बोलली नाही. कुठल्या गावची, माहेर कुठलं, हे धान कोणतं, यंदा त्यावर तुडतुड्याची कीड किती होती, इथपासून सुरुवात झाली. बुधरीबाईचं माहेर आईच्या माहेराशेजारचं निघालं. दोघी एकाच तळ्यावर पोहायला जायच्या, वेगवेगळ्या वर्षी का होईना. शेवटी आई म्हणाली, "उद्या मले चंद्रपूरले जाचं हाय. पोराची गाडी सरळ चालत नाई."

"मंग हे आधी सांगाचं ना वो," बुधरीबाई उठली.

धान हातांनी उचलत नाहीत, पायांनी सरकवतात. आईने काठी माझ्याकडे दिली आणि चपला काढून पहिली धानात उतरली. तिचे गुडघे दुखत असणार, पण पाय घासत ती सरळ रेषेत चालली. मग बुधरीबाई, मग मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, मग बूट हातात घेतलेला विक्की. हेडक्लार्कला पाय घासत भर रस्त्यात चालताना पाहून आमच्या कचेरीतला एक शिपाई मोटारसायकलवरून पुढे गेला, परत आला, "काई पडलं का साहेब?" म्हणाला. मी "हो" म्हणालो.

वाट मोकळी झाली. मी गाडीत बसलो. विक्की शेजारी स्कॅनर धरून. स्टेअरिंग घट्ट धरून मी गाडी सोडली. पथारी मागे गेली. काही होईना. मग एकदम बीप झालं, पहिला दिवा गेला, आणि थोड्या अंतरावर दुसरा. स्टेअरिंग हातात पिसासारखं हलकं झालं. विक्की ओरडला. मी मात्र स्टेअरिंग उगाच थोडंसं डावीकडे, थोडंसं उजवीकडे फिरवून पाहिलं.

परत आलो तेव्हा बुधरीबाई म्हणाली, "एवढ्यासाठी?" मग आम्ही सगळं धान पुन्हा पसरलं. तिने विक्कीला दोनदा दुरुस्त केलं.

सोळा तारखेला सकाळी आम्ही निघालो. आई पुढे, पांढऱ्या पातळात, मांडीवर हात. मागे नंदिनी आणि श्रावणभाऊ. श्रावणभाऊ "काई झालं तर मी हाय" म्हणून आले होते. आईचा बेत असा होता की गाडी थेट दीक्षाभूमीच्या फाटकाशी थांबेल, वॉर्डातल्या बायका पाहतील आणि ती उतरेल. पण पोलिसांनी शहराच्या बाहेरच एका मैदानात सगळ्या गाड्या वळवल्या. ती उतरली तेव्हा तिच्याकडे फक्त पार्किंगवाला स्वयंसेवक पाहत होता, आणि तोही मला म्हणाला, "काका, गाडी सरळ लावा."

बाकीचं अंतर आम्ही माणसांच्या लोंढ्याबरोबर हळूहळू चालत गेलो. ती बोलत नव्हती. कालपासून ती माझ्याशी फारशी बोललीच नव्हती. दोरा कापल्याचं तिच्या मनाला लागलंय, असं मला वाटत होतं, आणि गाडीतून उतरण्याचा मानही गेला. वंदना झाल्यावर एका झाडाखाली वॉर्डातल्या बायका सापडल्या. मी पाणी आणायला गेलो. परत येताना तिचा आवाज ऐकला.

"कंपनीवाल्यायनं हात टेकले वो. त्यायले समजलंच नाई. माहा दोराच एवढा पक्का, त्यानं गाडी पकडून ठेवली. मी जाऊन कात्री लावली तवा सुटली."

"तूच कापला?" रोशनीची सासू.

"मंग? कोणाची हिंमत होती?"

मी पाण्याची बाटली घेऊन तिथेच थांबलो. अख्ख्या झाडाखाली तिचा मान झाला होता. त्यापुढे गाडीतून उतरणं काहीच नव्हतं. तेवढ्यात मोबाईलवर कंपनीचा संदेश आला की ग्राहकाकडून पुढील प्रतिसाद न आल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. शब्दरचना उत्तम होती. मी स्वतः अशीच केली असती.

परतताना मैदानात गाडीशी आलो. मी दार उघडून बसलो. आई पुढे बसली आणि पदराची गाठ सोडायला लागली. त्यातून कालचा पांढरा दोरा निघाला. मी स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं. मागे श्रावणभाऊंनी खिशावर हात ठेवला. आई वाकली, दोरा घेऊन तिचा हात स्टेअरिंगकडे आला, आणि स्टेअरिंगवरून पुढे जाऊन माझ्या मनगटावर थांबला.

"गाडीले तर वारंटी होती," ती गाठ मारत म्हणाली. "तुले काय हाय?"

आईने गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मग म्हणाली, "चाल आता. अंधार व्हाच्या आत जंगल काढ."

मी गाडी सुरू केली. एकही दिवा लागला नाही.